स्कॅनर बीप करतो, पण बोर्डाला कळत नाही: तुर्भ्यातल्या मसाला युनिटचं एक प्रकरण

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद होतो. अशाच एका घरात गोडा मसाला म्हणून आणलेलं पाकीट फोडलं, तर ते निघालं कांदा-लसूण मसाल्याचं. दुकानदाराने खोक्यावरचं नाव बघून पाकीट काढून दिलं होतं. खोकं गोड्या मसाल्याचं, आत मात्र तीन पाकिटं दुसरी. वितरकाने ती सगळी खेप परत पाठवली. तुर्भे एमआयडीसीतल्या त्या छोट्या युनिटच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे काकू म्हणतात, मला फोन केला. "अगं, ते स्कॅनरचं यंत्र बसवून घेतलंय दोन महिन्यांपूर्वी, पण त्याचा उपयोग शून्य. तू एकदा येऊन बघतेस का?"

माझं छोटं वर्कशॉप ठाण्यात वागळे इस्टेटला. ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की तुर्भे सहज गाठता येतं. उतरल्यावर वारा मसाला बाजाराच्या बाजूने असेल तर पुढचा रस्ता नाकच दाखवतं.

युनिटमधली मूळ अडचण साधी होती. दोन्ही मसाल्यांची पाकिटं २०० ग्रॅमची, छपाई एकाच रंगाची, नावाची पट्टी तेवढी वेगळी. एक माल संपवून दुसरा सुरू करताना ट्रेच्या तळाशी आधीची दोन-चार पाकिटं राहून जातात आणि पुढच्या खोक्यात शिरतात. दिवसभर हात चालत असतात, डोळ्यांना पट्टीतला फरक टिपायला वेळ मिळत नाही. त्यात कामाच्या बायकांचा दोष नाही, हे मी काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं. सरकत्या पट्ट्यावरून पाकिटं खोक्याकडे जाताना वर एक बारकोड स्कॅनर हवा. त्याने वाचलेला आकडा मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या संगणकाने, त्या दिवसाच्या मालाशी ताडून बघायचा आणि वेगळा आला तर पट्टा थांबवून भोंगा वाजवायचा. कल्पना चांगलीच होती. काकूंच्या ओळखीच्या वायरमनने लॅमिंग्टन रोडवरून स्कॅनर आणि ईएसपी३२ नावाचा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणून ती उभीही केली होती.

मी गेले तेव्हा स्कॅनर झकास बीप करत होता. पाकीट खाली आलं की लाल प्रकाश, बीप, हिरवा दिवा. बोर्डाच्या पडद्यावर मात्र काहीच नाही.

या कामातला सगळ्यात फसवा आवाज हाच. बारकोड वाचून त्यातले आकडे ओळखणं हे स्कॅनरच्या आतल्या प्रोसेसरचं काम. ते जमलं की तो बीप देतो. आकडे केबलमधून पलीकडे पोचले की नाही, हे पुष्कळ स्कॅनरना बीप देताना माहीतच नसतं. म्हणून बीप ऐकून "स्कॅनर चालतोय, गडबड प्रोग्रॅममध्ये आहे" असा निष्कर्ष काढला, की माणूस चार दिवस चुकीच्या जागी खणत बसतो. इथे तेच झालं होतं. वायरमनने तीन वेळा प्रोग्रॅम बदलून घेतला होता.

खरी गोम डबा उघडल्यावर दिसली. स्कॅनर यूएसबीचा होता. त्याची केबल कापून लाल-काळी वायर सप्लायला, आणि हिरवी-पांढरी वायर बोर्डाच्या आरएक्स-टीएक्स, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या, पिनांना सोल्डर केली होती. यूएसबीत चारच वायर आणि सिरियललाही, म्हणजे एकामागून एक अक्षर पाठवणाऱ्या साध्या जोडणीलाही, चारच, मग जोडून बघावं असं कुणालाही वाटेल. पण त्या हिरव्या-पांढऱ्या वायरींवर चालणारी भाषा अगदी निराळी आहे. यूएसबी स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणून ओळख करून देतो आणि समोरच्या होस्टने, म्हणजे संगणकाने, "काही आहे का?" असं सतत विचारत राहावं लागतं. विचारणारं कुणी नसेल तर तो गप्प राहतो. काही स्कॅनर सेटिंगचा बारकोड वाचवून आभासी सिरियल पोर्टमध्ये बदलता येतात, पण तोही यूएसबीच्या आतला सिरियल, त्यालाही होस्ट लागतोच. साध्या बोर्डाला होस्ट करायचं तर मॅक्स३४२१ई या चिपचं वेगळं शील्ड, म्हणजे जोड-बोर्ड, लावायचं आणि त्याची लायब्ररी सांभाळायची. पट्ट्यावरच्या कामाला मला ते नको होतं.

सुदैवाने त्या स्कॅनरची केबल मुठीतून सुटी होणारी होती, आणि त्याच मॉडेलला आरएस-२३२ ची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सिरियलची, केबलही मिळते. स्कॅनर नवा घ्यावा लागला नाही, केबल तेवढी आणली.

नवी केबल आली की ती लगेच बोर्डाला जोडायची घाई मी करत नाही. आधी स्कॅनरला नुसता सप्लाय देते, मल्टीमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब डेटाच्या वायरला लावते, आणि काहीही स्कॅन न करता आकडा बघते. स्वस्थ बसलेल्या टीटीएल सिरियलवर, म्हणजे बोर्डाच्या पिना थेट बोलतात त्या प्रकारावर, ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसतात. स्वस्थ बसलेल्या आरएस-२३२ वर उणे आकडा दिसतो. इथे उणे ५.६ आला. या एका मोजमापाला अर्धा मिनिट लागतो, आणि केबलवर काय छापलंय किंवा दुकानदार काय म्हणाला यापेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवते. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना ५ व्होल्टही सोसत नाहीत. तिथे उणे साडेपाच व्होल्ट थेट देणं म्हणजे बोर्ड मारणं. शिवाय आरएस-२३२ मध्ये शून्य आणि एक टीटीएलच्या उलटे असतात, त्यामुळे पिन वाचली तरी मिळालेली अक्षरं कचराच.

म्हणून मध्ये आरएस-२३२ चं टीटीएल करून देणारं मॅक्स३२३२ चं छोटं मॉड्यूल घातलं. जुना मॅक्स२३२ पाच व्होल्टवर चालतो, मॅक्स३२३२ ला ३ व्होल्टही पुरतात. या मॉड्यूलला बोर्डाच्या ३.३ वरूनच सप्लाय द्यायचा, कारण ५ दिले तर त्याच्या बाहेर पडणारा सिग्नलही ५ चा येतो आणि आपण जिथे होतो तिथेच परत येतो.

इथे माझे दोन तास गेले, ते पुढच्याचे जाऊ नयेत म्हणून सांगते. स्कॅनरच्या केबलचं नऊ पिनांचं टोक फिमेल, कारण ते संगणकाच्या मेल पोर्टात बसायचं असतं. बाजारातल्या मॅक्स३२३२ मॉड्यूलचं टोकही बहुधा फिमेलच, तेही संगणकाशीच बोलायला बनवलेलं. मी मेल-मेल जोडणी आणून दोघांना समोरासमोर बसवलं, आणि पडद्यावर पुन्हा शून्य. दोघंही दोन नंबरच्या पिनेवर बोलत होते आणि तीन नंबरवर ऐकत होते. दोन आणि तीनच्या वायरी अदलाबदल केल्यावर लगेच तेरा आकडे आले. आरएस-२३२ च्या चिप अशी टक्कर सोसायला बनवलेल्या असतात म्हणून काही जळलं नाही. त्या केबलमध्ये स्कॅनरचे ५ व्होल्ट नऊ नंबरच्या पिनेवरून जायचे होते, आणि मॉड्यूलवर ती पिन कुठेच जोडलेली नव्हती. शेवटी मी टोकच काढलं आणि दोन, तीन, पाच, नऊ या चार वायरी स्क्रू टर्मिनलवर घेतल्या. अशी टर्मिनलवर लेबल लावून ठेवलेली जोडणी पुढच्या दुरुस्तीला दहा मिनिटांत समजते.

वर्कशॉपमध्ये टेबलावर तीनशे पाकिटं फिरवली, एकही चूक नाही. मी निर्धास्त होऊन तुर्भ्याला बसवून आले. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन: "सकाळी छान चालतं गं. मग मध्येच आपोआप गाणं म्हणतं आणि बंद पडतं. थोड्या वेळाने परत चालू."

सप्लाय

"गाणं" ऐकल्यावरच शंका आली. स्कॅनर सुरू होताना दोन-तीन सुरांचा आवाज करतो. कुणी बटण न दाबता तो आवाज आला, तर स्कॅनरची वीज गेली आणि परत आली एवढाच त्याचा अर्थ. पाकिटं भरणाऱ्या मावशींना विचारलं, साधारण किती वेळाने होतं? त्या म्हणाल्या, "ताई, पहिला चहा येईपर्यंत ठीक असतं. नंतर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा होतंच. आणि डब्याला हात लावा, तापलेला असतो."

डब्यात मेनच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा एसएमपीएस होता. त्यातून ७८०५ रेग्युलेटरने ५ व्होल्ट केले होते, आणि त्याच ५ वर बोर्ड, पट्टा चालू-बंद करणारा रिले आणि स्कॅनर सगळे टांगले होते. ती रचना आधीची होती, पण टेबलावर चालली म्हणून मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. तो हलगर्जीपणा माझा. ७८०५ हा जास्तीचे व्होल्ट उष्णता करून जाळतो. १२ मधून ५ गेले, ७ उरले. पट्टा चालू असताना स्कॅनरची मोजलेली सरासरी ०.३ अँपिअर आणि बोर्डाची सुमारे ०.१. सात गुणिले ०.४ म्हणजे २.८ वॉट, एका नखाएवढ्या चिपमध्ये. हीटसिंक नसेल तर ही चिप दर वॉटमागे साधारण ६५ अंशांनी तापते, म्हणजे १८० अंशांच्या वर गेली असती. आत उष्णता-संरक्षण असल्यामुळे ती १५० च्या आसपास स्वतःच बंद होते आणि निवली की परत चालू होते. इथे तिला बारीक पत्र्याचा हीटसिंक होता म्हणून लगेच नाही, पण बंद प्लॅस्टिकच्या डब्यातली हवा तापायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात, म्हणजे पहिल्या चहापर्यंत, तीच वेळ यायची. माझ्या टेबलावर डबा उघडा आणि वर पंखा होता.

ही एक गोष्ट झाली. तिच्या आड दुसरी लपलेली होती आणि ती जास्त त्रासदायक होती, कारण ती गाणं न म्हणता बिघाड करायची. कधी एखादं पाकीट स्कॅनरखालून बीपशिवाय निघून जायचं. डबा भिंतीवर, स्कॅनर पट्ट्याच्या वर, मध्ये चार मीटर वायर. बसवताना मी स्कॅनरचीच पातळ केबल तशाच पातळ वायरने लांबवली होती. डब्यातल्या टर्मिनलवर ४.९४ व्होल्ट, चोख. स्कॅनरच्या टोकाला, प्रकाश चालू असताना, ४.४३. त्याच्या माहितीपत्रकात किमान ४.५ हवेत असं लिहिलेलं. हिशोब सोपा आहे: त्या जाडीच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम, जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे १.७ ओहम, आणि त्यातून ०.३ अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च. जाण्याचा रस्ता सगळे मोजतात, परतीची काळी वायर विसरतात.

मल्टीमीटरने दाखवलेले ४.४३ हीसुद्धा सरासरी. स्कॅनरचा प्रकाश झपाझप लुकलुकतो आणि त्या क्षणाला तो सरासरीपेक्षा बराच जास्त करंट ओढतो. ऑसिलोस्कोप लावल्यावर दर झपाट्याला व्होल्टेज ४.१ पर्यंत बसताना दिसलं. त्याच वेळी बोर्ड वाय-फायवरून मोजणी पाठवत असे. ईएसपी३२ वाय-फायवर बोलताना क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो, आणि त्याच्या निर्मात्याची शिफारस निदान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणाऱ्या सप्लायची आहे. रिलेच्या कॉइलचे साधारण ७० मिलिअँपिअर वेगळे. सगळ्यांनी एकदम हात पसरला की तापलेला ७८०५ काय देणार?

काय बदललं ते सांगते. ७८०५ काढून टाकला. स्कॅनरपर्यंत ५ व्होल्ट न्यायचंच सोडून दिलं. चार मीटर अंतरावर १२ व्होल्ट नेले, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरने, आणि स्कॅनरजवळच्या छोट्या डबीत एलएम२५९६ चं, जास्तीचे व्होल्ट न जाळता कमी करणारं, बक मॉड्यूल ठेवून तिथे ५ व्होल्ट केले. वाटेत थोडे व्होल्ट गेले तरी बकला फरक पडत नाही, तो समोर ५ च देतो आणि तापतही नाही. त्याच्या तोंडाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शेजारी ०.१ चा, प्रकाशाच्या झपाट्यासाठी. बोर्ड आणि रिलेसाठी डब्यात दुसरा बक. दोन्हीकडचं ग्राउंड एसएमपीएसच्या उणे टर्मिनलवर एकत्र आणलं. सप्लाय वेगळे केले तरी ग्राउंड एक असावंच लागतं, नाहीतर सिरियलच्या सिग्नलला उभं राहायला जमीनच नाही. डेटा मात्र लांब अंतरावर आरएस-२३२ च ठेवला आणि मॅक्स३२३२ बोर्डाजवळ. चार मीटर त्याच्यासाठी काहीच नाही, आणि ग्राउंडच्या वायरवर पाव व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी तो ढळत नाही.

बक मॉड्यूल वापरणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. त्यावरचा तो छोटा पितळी स्क्रू दुकानातून येताना कुठेही असू शकतो. स्कॅनर जोडण्याआधी मॉड्यूलला एकट्याला १२ व्होल्ट द्या, बाहेर मीटर लावा, ५ व्होल्टवर आणा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. हे न करता जोडलेल्या स्कॅनरला थेट दहा-अकरा व्होल्टही मिळू शकतात, आणि मग दुरुस्त करायला काही उरत नाही.

बदलानंतर स्कॅनरच्या टोकाला प्रकाश चालू असताना ४.९८. दुपारपर्यंत डब्याला हात लावला तर कोमट.

एक सेकंद

आता वीज शुद्ध, आकडे शुद्ध, तरी मावशींची तक्रार राहिली. "भोंगा वाजतो, पट्टा थांबतो, पण खालचं पाकीट बरोबरच असतं ताई." काकूंना वाटलं यंत्र उगाच ओरडतंय. मी पाऊण तास नुसती पट्ट्याशेजारी उभी राहिले आणि हाताने मुद्दाम एक चुकीचं पाकीट सोडलं. ते स्कॅनरखालून गेलं, बीप झाला, ते पुढे सरकून खोक्यात पडलं, आणि मग भोंगा वाजला. स्कॅनरखाली तेव्हा मागचं पाकीट आलेलं होतं, अगदी बरोबर मालाचं.

पट्ट्याचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर. पाकीट आणि मधली जागा मिळून २५. भोंगा एका सेकंदाने उशिरा वाजत होता, आणि त्या एका सेकंदात चुकीचं पाकीट निघून जायचं. मावशी समोर दिसेल ते पाकीट उचलून बाजूला ठेवायच्या, म्हणजे बरोबर पाकीट बाहेर आणि चुकीचं खोक्यात.

हा सेकंद प्रोग्रॅममध्ये होता. "न्यू लाइनचं अक्षर येईपर्यंत वाच" अशी आज्ञा लिहिलेली, आणि स्कॅनर तेरा आकड्यांनंतर फक्त कॅरिज रिटर्न हे शेवटाचं दुसरंच अक्षर पाठवायचा. बोर्ड कधी न येणाऱ्या अक्षराची वाट बघत बसायचा. प्रोग्रॅम ज्यात लिहिला होता त्या आर्डुइनोच्या लायब्ररीत या वाट बघण्याची मुदत मुळात १००० मिलिसेकंद आहे, ती संपली की हाताशी आलेलं तो स्वीकारतो. म्हणून टेबलावर सगळं बरोबर दिसलं होतं, सेकंदाचा उशीर हाताने स्कॅन करताना जाणवत नाही. पाकिटं जास्त जवळ आली, तर दोन कोड एकमेकांना चिकटून यायचे आणि बरोबर मालावरही पट्टा थांबायचा. ९६०० बॉड या सिरियलच्या वेगाला एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो, सगळा कोड पंधरा मिलिसेकंदांत पोचलेला असतो. आज्ञेत एक अक्षर बदललं आणि चुकीचं पाकीट स्कॅनरच्या पुढे हाताच्या अंतरावर थांबायला लागलं. सोबत ईएएन-१३ चा, म्हणजे त्या तेरा आकडी बारकोडचा, शेवटचा तपासणी अंक बोर्डावरही पडताळायला लावला, म्हणजे केबलमध्ये एखादा आकडा बिघडला तर तो दुसऱ्या मालाचा कोड म्हणून धरला जाणार नाही.

बोर्ड गप्प असेल तेव्हा

या सगळ्यात मला ज्याने खरं अस्वस्थ केलं ते सांगायचं राहिलं. आधीचे दोन महिने, आणि माझ्या हातचे पहिले काही दिवससुद्धा, स्कॅनर मेला असताना पट्टा आरामात चालू होता. प्रोग्रॅमची समजूत अशी होती की वेगळा कोड आला तरच थांबायचं. कोडच आला नाही तर सगळं ठीक. यूएसबीची वायर चुकीची जोडलेली असो, ७८०५ तापून झोपलेला असो, काचेवर मिरचीची पूड बसलेली असो, बोर्डाच्या लेखी सगळं सुरळीत. परत आलेली ती खेप यंत्र बसवल्यानंतरची होती, आणि काकूंनी यंत्राच्या भरवशावर हाताने तपासणारी बाई दुसऱ्या कामाला लावली होती.

म्हणून पट्ट्याच्या कडेला एक प्रकाशाचा सेन्सर बसवला. पाकीट समोरून गेलं की तो बोर्डाला सांगतो. त्यानंतर ३०० मिलिसेकंदांत योग्य कोड आला नाही, तर पट्टा थांबतो आणि भोंगा वेगळ्या लयीत वाजतो. रिलेही उलटा लावला: कॉइलला वीज असेल तरच पट्टा चालतो, त्यामुळे बोर्ड बंद पडला तर पट्टाही बंद. पाकिटांची मोजणी आता सेन्सरवरून होते, कारण एकापाठोपाठ तोच कोड आला तर स्कॅनर काही काळ तो मुद्दाम वगळतो. ती मुदत सेटिंगच्या बारकोडने मी सगळ्यात कमी करून ठेवली आहे.

पहिल्या आठवड्यात पट्टा दिवसातून सात-आठ वेळा थांबला आणि काकू वैतागल्या. जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच, चुरगळलेलं पाकीट किंवा काचेवर पूड. मावशींनी स्वतःहून स्कॅनरशेजारी सुती फडकं बांधून ठेवलं, आणि तासाला एकदा काच पुसायची सवय लागली.

खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत मेटल डिटेक्टरमधून ठरावीक वेळाने धातूचा नमुना सोडून बघतात. तोच रिवाज इथे लावला. कांदा-लसूण मसाल्याचं एक रिकामं पाकीट, आत भुसा भरून सील केलेलं, वर काळ्या मार्करने मोठी फुली, आणि दुसऱ्या मालाच्या दिवसांसाठी तसंच एक गोड्या मसाल्याचं. सकाळी पट्टा चालू केल्यावर आणि माल बदलल्यावर मावशी त्या दिवशी जे चुकीचं असेल ते पट्ट्यावर सोडतात आणि ते कुठे थांबलं ते बघतात. स्कॅनरच्या पुढे पट्ट्यावर पिवळ्या चिकटपट्टीची एक रेघ आहे. पाकीट रेघेच्या अलीकडे थांबलं तर वहीत वेळ लिहून काम सुरू, पलीकडे गेलं तर मला फोन.